वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड वाचवायचं ते असं

निसर्ग वादळ 3 जून 2020 च्या दुपारी श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. आमची वाडी तिथून खाली, दापोली तालुक्यात. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तर घर ते विहीर हा रोजचा रस्ता सापडेना. सात आंबे, दोन फणस, बांधावरचे चार साग आडवे. माड आणि पोफळी मोजण्याच्या पलीकडे. चौथ्या दिवशी एक लाकूडवाला दारात उभा राहिला. म्हणाला, सगळं उचलून नेतो, जळाऊच्या भावात. रस्ता मोकळा होतोय याच आनंदात आम्ही तीन आंबे देऊन टाकले. त्यातला एक रायवळ होता, म्हणजे कलमाचा नाही, कोयीपासून वाढलेला, आजोबांच्या आधीचा, बुंध्याला दोघांची कव पुरत नव्हती. त्याच्या फळ्या किती निघाल्या असत्या हा हिशोब मी नंतर केला. तो इथे सांगत नाही.

उरलेल्या झाडांचं मात्र लाकूड केलं. काही चुकलं, काही जमलं. पुढचं लिखाण त्यातूनच आलंय. कोकणातल्या वाडीसाठी लिहिलंय, पण पाऊस आणि झाडं जरा इकडेतिकडे केली तर देशावरही चालेल.

कोयता उचलण्याआधी

पहिली गोष्ट फोटो आणि पंचनामा. तलाठी, कृषी सहायक येऊन पाहून जाईपर्यंत झाडाचे तुकडे करू नका. रस्त्यावर किंवा घरावर पडलं असेल तर निदान चारी बाजूंनी फोटो काढा, बुंधा आणि मूळ दिसेल असे. निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी 50 हजारांची मदत जाहीर झाली. ती बागेच्या नुकसानीची, हेक्टरच्या हिशोबाने. खोडाची किंमत ज्याची त्यानेच सांभाळायची.

दुसरी गोष्ट वनखातं. महाराष्ट्रात 1964 चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, खैर ही आपल्या आवारातली बहुतेक झाडं येतात. झाड वाऱ्याने पडलं म्हणून सगळं मोकळं, असं धरून चालू नका. वनपालाकडे सातबारा आणि पंचनाम्याची प्रत घेऊन लेखी कळवा, पोच घ्या. लाकूड गाडीत घालून गिरणीवर न्यायचं असेल तर वाहतूक पासाचं काय ते त्याच फेरीत विचारा. पास लागत असताना गाडी तशीच काढलीत आणि ती नाक्यावर अडली, तर झाड तुमचं होतं हे सांगून सुटका होत नाही. शहरात, नगरपालिकेच्या हद्दीत, 1975 चा वेगळा कायदा आहे आणि तिथे उद्यान विभागाशी बोलावं लागतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा सुचली. पडलेलं प्रत्येक झाड मेलेलं नसतं. दहा-पंधरा वर्षांची कलमं कलंडली असतील आणि निम्मी मुळं जमिनीत असतील तर ती उभी करता येतात. फांद्या छाटायच्या, चेन पुलीने हळूहळू सरळ करायची, तिन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, मुळांवर माती चढवायची, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. लाकडाच्या नादात जिवंत कलम कापलं की दहा वर्षं गेली.

कुठलं झाड किती दिवस थांबतं

वादळानंतर माणसं आधी मोठं झाड धरतात, नाहीतर वाटेतलं. लाकूड वाचवायचं असेल तर क्रम झाडाच्या जातीवरून ठरतो, कारण प्रत्येक लाकडाचं घड्याळ वेगळं असतं. निसर्ग आलं जूनच्या 3 तारखेला आणि 11 तारखेला पाऊस महाराष्ट्रात शिरला. म्हणजे आमच्या हातात आठवडा होता.

आंबा सगळ्यात उतावळा. त्यात पिष्ट भरपूर, बुरशी आणि भुंगे दोघांनाही आवडणारं. पावसाळी हवेत ओंडका पडून राहिला तर पंधरा दिवसांत टोकांवर निळे-काळे डाग चढायला लागतात आणि मग ते आत सरकत जातात. डाग पडल्याने लाकूड लगेच कमजोर होत नाही, पण त्यामागोमाग पांढरी कूज येते आणि तीत ते होतं. आंबा पहिला.

फणस थांबतो. आतलं पिवळं लाकूड पक्कं, वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरं मात्र सडतं, खाल्लंही जातं. चार-सहा महिने सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवलात तर नुकसान फक्त कडेच्या पांढऱ्याचं. साग तर त्याहून निवांत. आमचा एक साग बांधावर वर्षभर पडून होता. वाळवीने पांढरं लाकूड खाऊन वरून मातीचे पापुद्रे केले होते. ते खरवडलं तर आतला तांबूस गाभा जसाच्या तसा. ऐन आणि किंजळ टिकाऊ, पण उन्हात टाकलात तर टोकांना तडे जातात. ऐन तर बोट जाईल एवढा फाटतो. शिवण असेल तर नशीब समजा. हलकं, सरळ, वाळताना फार न वळणारं लाकूड, फक्त पावसात फार दिवस ठेवू नका. सुरूच्या मागे लागू नका. समुद्रकाठी शेकड्याने पडली तरी फळीला सुरू नको, वाळताना चिरफाळतो. खांब, टेकू, जळण एवढंच.

हे झालं जातीचं. त्यात आणखी एक पोटभेद आहे. बुंध्यातून मोडलेलं झाड आणि मुळासकट उलटलेलं झाड एकसारखं नसतं. उलटलेल्या झाडाची काही मुळं मातीत राहतात, पानं काही आठवडे हिरवी राहतात, आणि तोवर खोड आतून ओलं, जिवंत असतं. बुरशीला ते लवकर दाद देत नाही. मोडलेल्याचं दार उघडंच असतं. म्हणून मोडलेले आंबे आधी, उलटलेले आंबे नंतर, मग फणस, मग साग. आम्ही नेमकं उलट केलं. साग महाग म्हणून आधी साग कापला आणि मोडलेला हापूस तसाच राहिला. त्याची अर्धी फळी निळी निघाली.

हातात माणसं कमी आणि ओंडके जास्त असतील तर गोड्या पाण्याची जुनी युक्ती आहे. तळ्यात किंवा डबक्यात ओंडका पूर्ण बुडवून ठेवायचा, वरून दगड. हवा नाही तर बुरशी नाही, भुंगाही नाही. स्वीडनमध्ये 2005 च्या गुडरून वादळानंतर लाखो घनमीटर लाकूड पाण्याचे फवारे मारून ओलं ठेवलं होतं, तत्त्व तेच. मात्र अर्धवट तरंगत ठेवू नका, पाण्याबाहेरचा भाग सडतो. आणि खाडीच्या पाण्यात तर बिलकूल नको. खाऱ्या पाण्यातला किडा होडीच्या तळाला जसा भोकं पाडतो तसाच ओंडक्यालाही पाडतो.

कापताना

वादळात पडलेलं झाड कापणं हे उभं झाड पाडण्यापेक्षा धोक्याचं काम आहे. उभ्या झाडाचं वजन कुठे जाणार हे दिसतं. आडव्या झाडात ताण लपलेला असतो, वाकवलेल्या धनुष्यासारखा. तुम्हाला चेनसॉची सवय नसेल तर हा भाग वाचा आणि माणूस बोलवा. मग तो काय करतोय ते तुम्हाला कळेल.

तारा आधी. झाडाखाली, झाडात, गडग्याआड कुठेही वीजवाहिनी अडकली असेल तर महावितरणचा माणूस येऊन खात्री देईपर्यंत हात लावायचा नाही. गावात वीज नाही म्हणजे तार मेली असं नव्हे. कुणाच्या घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा जोडला गेलेला असू शकतो.

मग मुळ्यांचं ताट. आपल्याकडे जांभ्या कातळावर माती कमी, मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे झाड पडतं तेव्हा मुळं आणि माती मिळून एक मोठं ताटच उभं राहतं. बुंधा कापला, की खोडाचं वजन सुटतं आणि ते ताट खड्ड्यात परत आपटतं. कधी हळू, कधी एका झटक्यात. खड्ड्यात कुणीही उभं राहायचं नाही, पोरं तर खेळायला तिथेच जातात. ताटाला मागून दोराने किंवा टेकूने धरा, ताटाच्या बाजूला दोन-तीन हात बुंधा सोडून काप घ्या, आणि काप पुरा होत आला की सरळ मागे न जाता बाजूला व्हा.

आता ताण कुठे आहे ते वाचायचं. खोड दोन टोकांना टेकलंय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली. अशा वेळी आधी वरून जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच काप घ्या, मग खालून वर येत पुरा करा. वरूनच कापत गेलात तर फट मिटते आणि पात पकडली जाते. खोड एका बाजूला टेकलेलं आणि दुसरं टोक हवेत असेल तर उलट. आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. वरून सुरुवात केली तर टोक मोडताना खोड लांबीत फाटतं, आणि ज्या फळ्यांसाठी हा खटाटोप त्यांची चिरफळी होते. काप मिटतोय असं दिसलं की लाकडी पाचर ठोका. लोखंडी पाचर चेनला लागली तर चेन गेली.

कोवळी फांदी मोठ्या खोडाखाली वाकून दबलेली असते, ती सगळ्यात घातक. कापली की चाबकासारखी उसळते. तिला एका घावात न कापता दबलेल्या, आतल्या बाजूने हळूहळू खरवडत तिचा जोर काढायचा. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेल्या झाडाखाली जाऊ नका. ते चेन पुलीने लांबून ओढायचं, आणि सुंभाचा दोर त्यासाठी चालत नाही. चेनसॉच्या पातीचं टोक, विशेषतः त्याचा वरचा भाग, कशाला टेकला तर यंत्र उलटं तोंडावर येतं. हेल्मेट, चष्मा, पायाला जाड संरक्षण, बूट. गावात हे कुणी वापरत नाही आणि गावात प्रत्येक पावसाळ्यात कुणाचा तरी पाय शिवला जातो.

फणसाचा चीक चेनला चिकटून ती जड करतो. थांबून रॉकेलच्या फडक्याने पुसायची, बाकी काही नाही.

ओंडके आणि मापं

फांद्या साफ झाल्या की खोडाकडे सुताराच्या नजरेने बघा. कलमाचा आंबा खालीच फुटलेला असतो. त्याचा सरळ बुंधा तीन-चार फूट, फार तर पाच. त्यातून दाराच्या फळ्या काढायचा हट्ट नको. पाट, चौरंग, स्टुलाची बैठक, जाड बाकाची फळी निघते. रायवळाचा बुंधा दहा-पंधरा फूट सरळ मिळतो. फांदी फुटते ते बेचकं फेकून देऊ नका, त्यात रेषा अशा वळलेल्या असतात की पॉलिश केल्यावर लोक हात फिरवून बघतात. आंब्यात भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीची, भोकं बघून घ्या. बोट जाईल एवढा बोगदा असतो आणि बाहेरून फक्त भुसा दिसतो. म्हातारा आंबा बहुधा मध्ये पोकळ असतो. घण मारून आवाज ऐका.

ओंडका हव्या त्या मापापेक्षा चार इंच लांब कापा. टोकं तडकणारच. आठ फुटी फळी हवी तर आठ फूट चार इंच.

विकायचं असो की गिरणीवर द्यायचं, घनफूट स्वतः काढता आलं पाहिजे. व्यापारी पद्धत अशी: मधोमध गोलाई इंचात मोजायची, चाराने भागायची, वर्ग करायचा, लांबी फुटात गुणायची आणि 144 ने भागायचं. गोलाई 60 इंच, लांबी 8 फूट. साठ भागिले चार पंधरा, पंधराचा वर्ग 225, गुणिले आठ 1800, भागिले 144 म्हणजे 12.5 घनफूट. हे कमी माप आहे. त्या ओंडक्यात खरं लाकूड जवळजवळ 15.9 घनफूट असतं. फरक भुसा आणि कडेच्या सालपटांसाठी सोडलेला. पद्धत जुनी आणि सगळीकडे मान्य आहे, तेव्हा भांडू नका. पण गोलाई कोण आणि कुठे मोजतोय ते बघा, शेंड्याकडे सरकून मोजली की दोन घनफूट गेले. हाच ओंडका ओला असताना चारशे किलोच्या घरात जातो. दोघांनी उचलायचा विचार करू नका.

टोकं त्याच दिवशी बंद करा. लाकूड बाजूपेक्षा टोकातून कितीतरी वेगाने वाळतं आणि तिथूनच तडकतं. ऑइल पेंटचा शिल्लक डबा, डांबर, वितळवलेलं मेण, काहीही चालतं, पण जाड दोन हात द्या. आमच्याकडे जुने लोक शेणमाती लिंपत. नसण्यापेक्षा बरी, पावसात धुऊन जाते. टोकावरच झाडाची जात, तारीख आणि ओंडक्याचा क्रमांक लिहा. मी खडूने लिहिलं होतं. पहिल्या सरीत सगळे ओंडके अनामिक झाले.

साल काढायची का? आंब्याची काढा. सालीखालीच भुंगे अंडी घालतात. फणस-सागाची नंतर काढली तरी चालेल.

चिरताना

गिरणीची पट्टा करवत दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते. चेनसॉला चौकट लावून जागेवर चिरलं तर आठ-नऊ मिलिमीटर भुसा होतो, म्हणजे दर तीन-चार फळ्यांमागे एक फळी भुशात. तरीही पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली, जिथे गाडी जात नाही, तिथे चेनसॉच बरा. लांबीत चिरायची वेगळी चेन मिळते, ती घाला. नेहमीच्या चेनने इंजिन तापतं आणि फळी नांगरल्यासारखी निघते.

गिरणीवर नेण्याआधी खिळे शोधा. घराजवळच्या आंब्यात कपडे वाळत घालायच्या तारेचा खिळा, कुंपणाची तार, कुणीतरी लावलेली पाटी, सगळं गिळलेलं असतं. लाकडावर निळसर काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजा. एका खिळ्याने पट्टा तुटला तर गिरणीवाला पुढच्या वेळी तुमच्या आवारातलं लाकूड घेत नाही, आणि त्याचं चूक नाही.

एक इंची फळी हवी असेल तर सव्वा इंच चिरा. आटणं आणि रंधा यात पाव इंच जातोच. खोडाचा अगदी मधला बिंदू कुठल्याही फळीच्या मध्यावर येऊ देऊ नका, ती फळी तडकणार. तो एका जाड चौकोनी तुकड्यात बाजूला काढा. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जेवढं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडून बाहेरच्या दिशेने आटतं. टेबलाच्या पृष्ठभागासाठी, दाराच्या चौकटीसाठी मध्यातून त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या फळ्या घ्या. त्या कमी निघतात पण सरळ राहतात.

इथे वादळाच्या लाकडाची खरी गोम आहे. सोसाट्यात झाड वाकतं तेव्हा एका बाजूच्या तंतूंवर एवढा दाब येतो की ते आतल्या आत चुरगळतात. झाड पडलं नाही तरी चुरगळू शकतात, पडलं तर शक्यता आणखी जास्त. ओंडक्यावर काही दिसत नाही. रंधा मारल्यावर फळीवर आडव्या, केसासारख्या बारीक रेषा दिसतात, लाकडाच्या तंतूंच्या दिशेला काटकोनात. रॉकेल किंवा थोडं पाणी चोपडून उन्हात तिरपी धरा, मग नीट दिसतात. ही फळी वजन घेत नाही. वाशाला, तुळईला, शिडीला, पायरीला घातलीत तर एक दिवस कडाकन आडवी मोडते, आधी वाकून इशाराही देत नाही. म्हणून मी वादळातल्या कुठल्याही लाकडाची तुळई करत नाही, सागाचीही नाही. कपाट, पाट, पेट्या, दाराचं फळकं, चौकट यांना काही हरकत नाही.

पडण्याआधी बरीच वर्षं समुद्राकडून कललेलं झाड असेल तर त्याच्या वरच्या बाजूचं लाकूड चिरताना लोकरीसारखं तंतू सोडतं आणि वाळताना पीळ घेतं. असा ओंडका छोट्या लांबीत कापा. दोन-तीन फुटांचे तुकडे पीळ घेतात तरी रंध्याने आटोक्यात येतात.

आंब्याला बोरॅक्स

आंब्याचं, आणि फणस-सागाच्या पांढऱ्या भागाचं, औषधाशिवाय काही खरं नाही. दोन वर्षांनी कपाटाखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो, तो याच कारणाने. घरी करण्यासारखा उपाय बोरॅक्स आणि बोरिक ऍसिडचा. दीडास एक हे प्रमाण. दहा टक्के द्रावणासाठी 90 लिटर पाण्यात 6 किलो बोरॅक्स आणि 4 किलो बोरिक ऍसिड. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा, मग बाकी पाणी. फळी चिरली त्याच दिवशी, ओली असतानाच बुडवा किंवा सहाही बाजूंना भरपूर चोपडा. वाळलेल्या फळीत हे आत जात नाही. ओल्या लाकडातलं पाणीच औषध आत नेतं. मग फळ्या एकावर एक घट्ट रचा, प्लॅस्टिकने गुंडाळा आणि तीन-चार आठवडे विसरा. त्यानंतर सोडवून वाळत घाला.

हातमोजे घाला, गुरांना ते पाणी लागू देऊ नका. पोळपाट, लाटणं, ताट, परात अशा खाण्याच्या वस्तूंच्या फळ्या आधीच वेगळ्या ठेवा आणि त्यांना हे लावू नका. आणि हे औषध पाण्याने धुऊन निघतं, म्हणून अशा आंब्याचं बाक अंगणात ठेवलं तर औषध पहिल्या पावसाळ्यात ओढ्याला. निर्यातीच्या खोक्यांचं लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवतात, त्यानेही किडे मरतात, पण नव्याने लागण्यापासून ते वाचवत नाही.

चळत

माझ्या मते सगळं काम इथे जिंकलं किंवा हरलं जातं. चांगली चिरलेली फळी वाईट रचली की तिचा नागमोडी पाट होतो.

जागा सावलीची, वाऱ्याची, पाणी न साचणारी. पडवीची एक बाजू, गोठ्याची मोकळी बाजू, किंवा चार खांबांवर पत्रा. जमिनीपासून दीड हात वर उचला. खाली चिरे मांडा, त्यांच्यावर सरळ वासे, आणि पाणसळ लावून सपाटी बघा. पाया वाकडा तर फळी त्याच वाकात वाळते आणि तो वाक कायमचा. प्रत्येक थरामध्ये एक इंच चौकोनी पट्ट्या, दीड ते दोन फुटांवर. वरच्या थराची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. थोडी सरकली तरी त्या जागी फळी दबते. पट्ट्या वाळलेल्या घ्या. ओल्या पट्टीखाली फळीवर जो डाग पडतो तो रंध्यानेही जात नाही. फळ्यांच्या मध्ये बोटभर फट. वर पत्रा, पत्र्यावर आणि चळतीवर चिरे. आमच्याकडे चिऱ्यांना तोटा नाही, प्रत्येक रांगेवर पाच-सहा ठेवा.

जून ते सप्टेंबर कोकणात लाकूड वाळत नाही, फक्त बुरशीपासून वाचवायचं असतं. बाजू उघड्या ठेवा, ताडपत्रीने गुंडाळून घाम आणू नका. पावसाची झड येते त्या बाजूला झाप बांधा, वारा जाईल असे. खरं वाळणं दिवाळीनंतर सुरू होतं आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात, वाऱ्यावर, संपतं. आमचा एक इंची आंबा ऑक्टोबर ते मार्च यात कामाला आला. दोन इंची फणसाला दुसरं वर्ष लागलं. देशावर हवा कोरडी आहे, तिथे उलट काळजी घ्यावी लागते, वेगाने वाळून तडे जाऊ नयेत म्हणून उन्हाळ्यात गोणपाट टांगा.

वाळलं की नाही हे बोटाने ठोकून कळत नाही. फळीच्या टोकापासून हातभर आतून एक तुकडा कापा, लगेच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा तोला. ओलं 182 ग्रॅम, सुकं 140 ग्रॅम, तर फरक 42, भागिले 140, म्हणजे 30 टक्के ओल. ही अजून आटायला सुरुवात होण्याच्या उंबरठ्यावरची फळी आहे. 30 च्या वर लाकडातलं मोकळं पाणी जातं, खरं आटणं त्याच्या खाली. आपल्या किनाऱ्याला 14-15 टक्क्यांवर आली की कामाला घ्या. पुण्याला किंवा नागपूरला जाणारी वस्तू असेल तर आणखी वाळवा, नाहीतर तिथे पोचल्यावर सांधे उघडतात. ओव्हन नसेल तर एक फळी वेगळी काढून महिन्याला तोला. वजन दोन महिने तिथेच राहिलं की हवेच्या मानाने ती मुरली.

माड आणि पोफळ

यांना वेगळं लिहितो कारण ही झाडं लाकडाच्या नेहमीच्या रीतीत बसत नाहीत. माडाला गाभा नसतो, उलट मध्य मऊ, बाहेरचा थर कठीण. खालच्या अर्ध्या खोडाची बाहेरची तीन-चार बोटं जाडी, एवढंच कामाचं. ते वासा म्हणून, जमिनीला न टेकणाऱ्या जागी चांगलं. करवत पटकन बोथट होते, कार्बाइडचे दात लावा. मधला मऊ भाग फळीत ठेवू नका.

पण माडाची मुख्य घाई लाकडासाठी नाही. पडलेलं, कुजणारं खोड हे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर आहे आणि तो वाचलेल्या माडांवर येतो. कामाचं लाकूड काढून घ्या, उरलेलं फोडून वाळवा, जाळा किंवा बारीक करून खतात घाला. तीन महिने पडून राहिलेला माड पुढची तीन वर्षं त्रास देतो. पोफळ उभी फोडायची, मधला भुगा काढायचा, पन्हळ तयार. रीपा मांडवाला, भाजीच्या वेलाला.

आमची शेवटची चळत, फणसाची, अजून चिऱ्यांखाली होती तेव्हा मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. पत्रा उडाला, चळत हलली नाही. वाडीत आणखी एक आंबा पडला, मुळासकट. संध्याकाळीच टोकं रंगवली, आणि या वेळी तारीख ऑइल पेंटने लिहिली.